बरे वाटले तरी गोळी चालूच

सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या मावशी गेल्या पावसाळ्यात आपल्या फिरत्या दवाखान्यात आल्या, त्या झोळीतून. उजवा हात-पाय लुळा पडला होता, तोंड वाकडे झाले होते. जुनी वही काढून पाहिली, तर सहा महिन्यांपूर्वी त्यांचे बीपी वाढलेले सापडले होते आणि महिन्याच्या गोळ्याही दिल्या होत्या. मुलाला विचारले, ‘‘गोळ्या घेत होत्या का?’’ तो म्हणाला, ‘‘घेतल्या ना. सगळ्या संपवल्या. मग बरं वाटलं, म्हणून बंद केल्या.’’

मावशींनी आम्ही सांगितलेले मोडले नव्हते. ताप आला की गोळी घ्यायची, ताप उतरला की गोळ्या संपवून मोकळे व्हायचे, हेच आपण सगळ्यांनी त्यांना वर्षानुवर्षे शिकवले. हिवतापाला तो नियम बरोबर आहे, पण बीपी आणि शुगर यांना तोच नियम घातक ठरतो. हा फरक आम्ही त्यांना नीट समजावला नाही, ही चूक आमची. हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे. कार्यकर्त्यांनी तो पाड्यावर वाचून दाखवावा.

न दुखणारा आजार

शेताला पाणी देणाऱ्या पाइपात दाब फार वाढला तर पाइप लगेच फुटत नाही. तो आतून झिजतो आणि एक दिवस सांध्यातून सुटतो. रक्तवाहिन्यांचेही तसेच होते. वाढलेल्या बीपीने बहुतेकांचे काहीच दुखत नाही. रक्तातली साखरही सुरुवातीला गुपचूप वाढते. तहान, वारंवार लघवी, थकवा ही लक्षणे पुष्कळदा उशिरा दिसतात. तोवर मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांच्यावर परिणाम सुरू झालेला असतो.

म्हणून ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नावर या आजारांचा हिशेब लागत नाही. तो लागतो आकड्यावर. बीपी बहुतेकांसाठी १४०/९० च्या खाली हवे. मधुमेह असेल तर डॉक्टर त्याहूनही कमी ठेवायला सांगतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल, तर पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान करतात. उपचार चालू असताना ती साधारण १३० च्या आत ठेवायची असते. जसे जनावराचे वय आणि शेताचा गट नंबर तोंडपाठ असतो, तसा आपला आकडाही रुग्णाला पाठ असावा.

तपासतानाही घाई नको. डोंगर चढून आलेल्या माणसाचे बीपी आल्या आल्या मोजले तर ते जास्तच येणार. पाच मिनिटे शांत बसू द्यावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर. त्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको.

दवाखान्यात दहा मिनिटे, बाकी महिना घरी

रुग्ण महिन्यातून एकदा येतो आणि आपल्यासमोर जेमतेम दहा मिनिटे असतो. उरलेला महिना तो घरी, शेतात, बाजारात असतो. खरा उपचार तिथेच चालतो आणि तो करणारा रुग्ण स्वतः असतो. आपले काम त्याच्या हाती कारभार सोपवण्याचे आहे.

गोळीचे आधी बघू. वाचता येत नसेल तर पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्र काढून द्यावा. ‘रोज घ्या’ म्हणण्यापेक्षा गोळी एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावी : चूल पेटवली की सकाळची गोळी. जेवणासोबत घ्यायची गोळी भाकरीसोबतच. रिकाम्या पट्ट्या टाकू नयेत, पुढच्या वेळी घेऊन याव्यात. त्या मोजल्या की न बोलताच सगळे कळते. गोळ्या चुकल्या असतील तर रागावू नये. रागावलेल्या माणसाकडे रुग्ण परत येत नाही.

या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताईंकडे त्यासाठी नाव नोंदवता येते.

दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती होळीला परततात. गोळ्या तुटतात त्या याच काळात. जाण्याआधी दवाखान्यात यावे, जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि तपासणीचे कार्ड सोबत न्यावे. कार्ड असेल तर परमुलखातला डॉक्टरही तीच औषधे पुढे चालू ठेवू शकतो.

भगताकडे जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. झाडपाला घेत असाल तर आम्हाला सांगा, पण त्यासाठी गोळी थांबवू नका, एवढेच म्हणतो.

ताट आणि मीठ

‘भाकरी बंद करा’ हे सांगणे निरर्थक आहे. दुसरे खायचे काय? भाकरी राहू द्यावी, पण मोजून. अर्धे ताट पालेभाजी-शेंगभाजीचे, पाव ताट डाळीचे किंवा अंडे-मासळीचे, उरलेले पाव ताट भाकरीचे किंवा भाताचे. नाचणी-भगर चांगलीच, पण ‘नाचणीने शुगर वाढत नाही’ हा गैरसमज आहे. पोटभर खाल्ली तर तीही वाढवते. दिवसातून चार-पाच वेळा होणाऱ्या चहातली साखर कमी केली तरी मोठा फरक पडतो.

मिठाचा हिशेब बायकांना लगेच पटतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, याहून जास्त मीठ नको. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा किमान चाळीस दिवस पुरला पाहिजे. वीस दिवसांत संपत असेल, तर सगळ्या घराचेच मीठ दुप्पट आहे. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठ याशिवाय. मीठ कमी करावे, पण आयोडीनचेच घ्यावे.

तंबाखू आणि दारू या दोन्हींनी धोका वाढतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी मोहाची दारू घेतली, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. घरच्यांना वाटते, चढली आहे. म्हणून हे घरच्यांनाच सांगून ठेवावे.

साखर उतरली तर

थरथर, घाम, खूप भूक, चक्कर, विचित्र बोलणे ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. गोळी घेऊन न जेवता शेतावर गेलेल्याला हे होते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, नाहीतर गूळ द्यावा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे, नंतर भाकरी खाऊ घालावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, दवाखान्यात न्यावे. शेतावर जाताना खिशात गुळाचा खडा असावा.

पायांची राखण

मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही, शेकोटीजवळ बसले तर भाजलेलेही कळत नाही. म्हणून रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगावे. मोहफुले वेचायलाही चप्पल घालूनच जावे आणि घालण्याआधी ती झटकावी. काटा रुतला की बिब्बा लावायची आपल्याकडे पद्धत आहे. मधुमेह्याच्या पायाला बिब्बा लावू नये, ब्लेडने भोवरी कापू नये, डागू तर मुळीच नये. छोटी जखमही दोन दिवसांत सुकली नाही तर यावे. पाय वाचतो तो याच दिवसांत.

सिकलसेल असेल तर सांगा

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी सिकलसेल असलेल्यांमध्ये चुकीचा आकडा दाखवू शकते. आपल्या भागात सिकलसेल बरेच आढळते. त्यामुळे सिकलसेलचे कार्ड असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. अशा वेळी उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर भर देतात.

थांबायचे नाही असे प्रसंग

तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोबडे बोलणे, छातीत दाब येणे, दम लागून झोपता न येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पाड्यावरून रस्त्यापर्यंत पोचायलाच दोन तास जातात, म्हणून गाडी कोणाची आणि झोळी कोण धरणार, हे आधीच ठरलेले बरे.

मावशी आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताने भाकरी थापता येत नाही, ते काम सुनेकडे गेले. इलाजापायी घरातली बैलजोडी गेली. ज्या गोळ्यांनी हे टळले असते, त्या फुकट मिळणाऱ्या होत्या. हातपंपावर भेटणाऱ्या बायकांना मावशी आता एकच विचारतात, ‘‘तुझी पट्टी संपली का? मग दुसरी आणलीस का?’’

आम्ही इतकी वर्षे जे सांगायला हवे होते, ते त्या रोज सांगतात.