राजीनामा एकाचा, रांग सगळ्यांची

28 मे 2018. रमजानचा बारावा रोजा होता. सहरी करून मी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघातल्या माझ्या केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून हजर झाले, तेव्हा दारात एक आजी उभी होती. म्हणाली, "खासदार मेले का जी बाई?"

पोटनिवडणूक म्हणजे कोणीतरी वारले, हा तिचा हिशोब. तो चुकीचाही नव्हता. त्याच दिवशी पालघरला मतदान होते, ते खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनामुळेच. आमचे खासदार मात्र हयात होते. 2014 मध्ये प्रफुल्ल पटेलांना सुमारे दीड लाख मतांनी हरवून आलेल्या नाना पटोलेंनी शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर सरकारशी बिनसल्याने डिसेंबर 2017 मध्ये भाजप आणि खासदारकी, दोन्ही सोडले होते.

"मंग आमच्या मताचं का झालं?" आजीचा पुढचा प्रश्न. ड्यूटीवर असताना असल्या चर्चा करता येत नाहीत, म्हणून उत्तर इथे देते.

राज्यघटनेच्या 101 व्या कलमानुसार खासदाराने लोकसभा अध्यक्षांना सहीचे पत्र द्यायचे. राजीनामे बळजबरीने घेतले जाऊ लागले, तेव्हा 1974 मध्ये दुरुस्ती झाली आणि राजीनामा स्वखुशीचा आहे याची खात्री करणे अध्यक्षांवर आले. मतदारांना विचारण्याची तरतूद कुठेच नाही. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर तीही नाही. आंध्रच्या पाच खासदारांचे राजीनामे जून 2018 मध्ये मंजूर झाले आणि तिथले लोक पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. तत्त्वासाठी खुर्ची सोडणाऱ्याची मला कदर आहे. पण मत ही अमानत असेल, तर ती परत करताना मालकाला निदान विचारावे की नाही?

विदर्भातला मे महिना वेगळा सांगायला नको. घशाला कोरड, त्यात मतयंत्राला जोडलेले व्हीव्हीपॅट बंद पडले. मतदारसंघात ठिकठिकाणी हीच रड होती. उन्हाचे आणि प्रखर उजेडाचे कारण पुढे आले. दुसरे यंत्र येईपर्यंत दोन तास गेले. रांग हळूहळू विरघळली. कुणाला तेंदूपत्त्याचे काम होते, कुणाच्या कडेवर लेकरू. आजीही काठी टेकत निघून गेली. इफ्तार आम्ही साहित्य जमा करायच्या रांगेत, खजूर आणि बाटलीतल्या कोमट पाण्यावर केला. सोबतच्या देशमुख मॅडमनी माझी पेटी धरली, तेवढ्यात मी चार घोट घेतले.

49 केंद्रांवर 30 मे रोजी फेरमतदान झाले. 31 मे रोजी राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे सुमारे 48 हजार मतांनी निवडून आले. हेही एके काळी भाजपचेच आमदार! 2014 च्या तुलनेत मतदान मात्र बरेच घसरले होते. त्यांना जेमतेम वर्ष मिळाले. 11 एप्रिल 2019 ला पुन्हा मतदान होते.

आमचे केंद्र त्या 49 मध्ये नव्हते. 28 तारखेला सहा वाजता दार बंद करेपर्यंत मी वाट पाहिली. आजी परत आली नाही. यादीत तिच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.