नमनाचें गाणें आणि त्याचा धनी

शिमग्याच्या दिवसांत चिपळूण तालुक्यांतील सावर्डे गांव रात्र रात्र जागें असतें. होल्टे होमाच्या खेळांत पेटतीं लाकडें अंधारांतून इकडून तिकडे भिरकावलीं जातात, ग्रामदेवतेची पालखी घरोघर हिंडूं लागते, आणि पंचक्रोशींतील खेळे मृदंगावर थाप देऊन नमनाला आरंभ करतात. गण, गौळण, काळ्या झग्यांतला संकासुर आणि शेवटीं वग, असा तो क्रम. मुंबईहून सुटी काढून आलेले चाकरमानी समोर बसलेले असतात, आणि अलीकडे त्यांच्यापैकीं कित्येकांच्या हातांत मोबाइल उंचावलेला असतो.

दुसऱ्या दिवशीं तेंच नमन इंटरनेटवर दिसूं लागतें. दूरदेशीं असलेला गांवकरी तें पाहून सुखावतो. परंतु ज्या वाहिनीवर तें दिसतें ती अनेकदां मंडळाची नसते. सोबत जाहिरात आली तर तिचे पैसे मृदंगवाल्यापर्यंत येत नाहींत, आणि पाहणारा कोण हेंहि मंडळाला कळत नाहीं. गाणें दूरवर पोंचलें, पण गाणाराचा हात रिकामा राहिला, असा हा प्रकार आहे. उलट जगांतील पुष्कळ स्वतंत्र गायक-वादक याच इंटरनेटवरून आपलें संगीत रसिकांना स्वतः विकतात. हा व्यवहार कसा चालतो आणि कोंकणांतील नमन-जाखडीच्या मंडळांना तो कितपत साधेल, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

मुळांत गाणारा आणि ऐकणारा यांचा व्यवहार समोरासमोरचाच होता. शिधा, नारळ, ओवाळणी किंवा बिदागी हातोहात मिळे. ध्वनिमुद्रण आलें आणि दोघांच्या मध्यें तिसरा उभा राहिला. १९०२ सालीं कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग यांनीं गोहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें, तेव्हांपासून हिंदुस्थानांत हा व्यापार वाढत गेला. यंत्रें कंपनीचीं, कारखाना कंपनीचा, दुकानदार कंपनीचे. तेव्हां तबकडीची मालकीहि कंपनीकडे जाणें ओघानेंच आलें. गाणाराला ठरलेली रक्कम मिळे; पुढें तबकडी किती खपली हा हिशेब बहुधा त्याच्या कानावर येत नसे. यांत केवळ लोभ होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. हजार तबकड्या काढून गांवोगांव धाडण्यास भांडवल लागे, आणि तें गाणाराजवळ नव्हतें.

पुढें कॅसेटीनें हा खर्च उतरवला, आणि इंटरनेटनें तो जवळजवळ नाहींसा केला. एका गाण्याच्या दहा प्रती काय आणि दहा हजार काय, पाठविण्याच्या खर्चांत फारसा फरक उरला नाहीं. महाराष्ट्रांत या बदलाची चाहूल लवकर ओळखली गेली. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनीं २००३ सालीं मुंबईंत ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली. कलावंतांनीं स्वतः तयार केलेलीं ध्वनिमुद्रणें इंटरनेटवरील दुकानांतून रसिकांना विकत मिळावीं, हा तिचा हेतु. इंग्लंडांतील रेडिओहेड या वृंदानें ऑक्टोबर २००७ मध्यें आपला ‘इन रेनबोज’ हा गीतसंग्रह स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत घेणारानेंच ठरवावी असें जाहीर केलें. जगाला त्याचें नवल वाटलें. पालखीपुढें यथाशक्ति ओवाळणी ठेवणाऱ्या कोंकणी माणसाला तें इतकें नवलाचें वाटूं नये. मात्र त्या वृंदाची कीर्ति आधींच मोठ्या कंपनीच्या पाठबळानें पसरलेली होती, हें विसरून चालणार नाहीं.

२००८ सालीं अमेरिकेंत सुरू झालेलें बँडकॅम्प हें लहान कलावंतांसाठीं मांडलेलें दुकान आहे. येथें कलावंत किंमत स्वतः ठरवतो, आणि रसिकाला वाटल्यास अधिकहि देतां येतें. गाण्यांच्या विक्रींतून दुकान शेंकडा १५ आणि तबकड्या वगैरे वस्तूंच्या विक्रींतून शेंकडा १० घेतें. पैसे पोंचविण्याचा आकार त्याहून निराळा. बाकी रक्कम कलावंताची. पांच डॉलरांचा संग्रह विकला गेला तर दुकानाचे पाऊण डॉलर होतात. याहून मोलाची गोष्ट म्हणजे, घेणाराची ना नसल्यास त्याचा ई-मेलचा पत्ता कलावंताच्या हातीं येतो. पुढचें गाणें तयार झालें कीं त्याला थेट कळवितां येतें.

अशी विक्री आणि नुसतें ऐकविणें यांतील भेद येथें नीट ध्यानांत घेतला पाहिजे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणीं श्रोता गाणें विकत घेत नाहीं. तो ऐकतो, आणि ऐकण्याच्या संख्येवर हक्कदाराला अल्प वांटा मिळतो. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत निदान १००० वेळां ऐकलें न गेलेलें गाणें तेथें वांट्यासच पात्र होत नाहीं. यूट्यूबवर जाहिरातीचा वांटा मिळण्यासाठीं १००० वर्गणीदार आणि वर्षभरांत ४००० तासांचें पाहणें, किंवा छोट्या चित्रफितींचा फार मोठा प्रेक्षकवर्ग, अशी अट आहे. ज्याचे श्रोते लाखांनीं मोजावे त्याला हा मार्ग मानवतो. चार गांवांच्या बोलींत गाणाऱ्या शाहिराचे श्रोते थोडे, पण ते त्याचे असतात. शंभर कुटुंबांनीं प्रत्येकीं दोनशें रुपये देऊन एक संग्रह घेतला तर वीस हजार रुपये होतात. तेवढ्याच शंभर कुटुंबांनीं तीं गाणीं नुसतीं ऐकलीं तर हातीं जवळजवळ कांहींच लागत नाहीं. संख्या थोडी आणि जिव्हाळा मोठा, अशा कलेला थेट विक्री अधिक मानवते ती यामुळें.

सावर्ड्याच्या परिसराला असा श्रोतृवर्ग आयताच लाभलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसें पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबलीं. पायांत चाळ बांधून फेर धरणाऱ्या जाखडीला ‘बाल्या नाच’ हें नांवहि मुंबईंतील कोंकणी गड्यांच्या कानांतील बाळ्यांवरून पडलें, असें सांगतात. गिरण्या बंद पडल्या, तरी गांवाशीं धागा तुटला नाहीं. मुंबईच्या नाट्यगृहांत आजहि नमन आणि शक्ति-तुऱ्याचे सामने लागतात. हा प्रेक्षक तिकीट काढून येतो, म्हणजे पैसे देण्यास तो नाखुष नाहीं. त्याच्याकडे गाणें विकत घेण्याची सोय मात्र कोणी नेलेली नसते.

ती सोय फार अवघड नाहीं. शाहिरानें आपलीं पांचसात गाणीं शांत खोलींत नीट मुद्रित करून घ्यावीं. कवि, चाल लावणारा, गाणारे, वाजवणारे यांचीं नांवें पहिल्यापासून लिहून ठेवावीं. प्रत्येक मुद्रणाला ओळखीचा बारा अक्षर-अंकांचा ‘आयएसआरसी’ क्रमांक घ्यावा, म्हणजे तें कोठेंहि गेलें तरी कोणाचें हें ठरवितां येतें. मुखपृष्ठाचें चित्र काढण्यास दूर जाणें नको. सह्याद्रि शिक्षण संस्थेचें कला महाविद्यालय सावर्ड्यांतच आहे. परदेशस्थ गांवकऱ्यासाठीं बँडकॅम्पसारखें दुकान चालेल. परंतु तेथील देवघेव ज्या पेपालमार्फत होते, त्यानें १ एप्रिल २०२१ पासून भारतांतल्या भारतांत पैसे पोंचविणें बंद केलें आहे. म्हणून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकासाठीं २०१६ सालीं सुरू झालेली यूपीआयची पद्धति सोपी. कार्यक्रमाच्या दारांत क्यूआरचा फलक लावावा, पैसे आले कीं गाणीं उतरवून घेण्याचा दुवा धाडावा. ज्याला तें जमत नाहीं त्याला पेनड्राइव्ह द्यावा. घेणाराचें नांव आणि पत्ता, त्याच्या संमतीनें, एका वहींत उतरावा. पुढल्या वर्षींचें खरें भांडवल ती वही होय.

या साऱ्याचा पाया मात्र मालकीचा आहे, आणि मंडळें फसतात तीं तेथेंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें शब्दांवर कवीचा आणि चालीवर ती रचणाराचा हक्क असतो. मुद्रणाचा धनी मात्र तें काढण्यास पुढाकार घेऊन जबाबदारी पत्करणारा निर्माता ठरतो. दुसऱ्यानें पदरचा खर्च करून गाणें मुद्रित केलें तर मुद्रण त्याचें होण्याचा संभव मोठा. मंडळानें वर्गणी काढून केलें तर तें मंडळाचें. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो सहीनिशीं लेखी द्यावा लागतो. लेखांत मुदत नसेल तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश सांगितला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘कायमचा व जगभर’ असे दोन शब्द कागदावर असले कीं हें संरक्षण जातें. म्हणून सही करण्यापूर्वीं ते शब्द शोधावे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतःचा हक्कहि कायद्यानें मानलेला असून तो ५० वर्षें टिकतो. प्रेक्षकानें स्वतःपुरतें चित्रण करणें निराळें आणि परवानगीवांचून तें वाहिनीवर लावून पैसे मिळविणें निराळें. हाच न्याय मंडळांनाहि लागू आहे: जाखडींत सिनेमाची चाल उचलून नवे शब्द बसविण्याची हौस पुष्कळांना असते, पण तें गाणें विकावयाचें तर चालीच्या धन्याची परवानगी हवी. परंपरागत चालीला असा धनी नसतो. तिच्यावर बसविलेले नवे शब्द मात्र शाहिराचे.

येथें एक अडचण अशी उभी राहते कीं नमन हें एकट्याचें नसतें. मृदंग, झांज, सोंगें, मागें साथ धरणारे असे वीसपंचवीस गडी त्यांत असतात, आणि मंडळ बहुधा वाडीचें असतें. पैसे येऊं लागल्यावर वांटा कोणाला किती, हें आधीं ठरलें नसेल तर गाणें राहतें आणि तंटा उरतो. मुद्रणापूर्वींच एक साधा कागद करून कवीचा, गाणारांचा, वादकांचा आणि मंडळाच्या फंडाचा भाग लिहावा, हें उत्तम. देवापुढें गाइलें जाणारें नमन विकावें कीं नाहीं, हाहि प्रश्न त्याच बैठकींत सुटावा. देवाचें देवापाशीं ठेवून गौळण आणि वगांतील नवीं पदें तेवढीं विकावीं, असें एखाद्या वाडीनें ठरविलें तर त्यांत तोटा कांहीं नाहीं. काय विकूं नये हें ठरविण्याचा अधिकारहि धन्याचाच असतो.

थेट विक्रीनें कोणी श्रीमंत होईल अशी आशा दाखविणें चूक ठरेल. विकलेलें गाणें व्हॉट्सॲपवरून फुकट पुढें जाईल, त्याला अटकाव करणें कठीण. हिशेब, पत्रव्यवहार, तगादा हीं कामें पूर्वीं कंपनी करी, तीं आतां मंडळांतील एखाद्या शिकलेल्या मुलाला करावीं लागतील. तरीहि दोन गोष्टी हातीं राहतात. आपलें गाणें कोणाचें आहे हें सांगण्यास कागद असतो, आणि तें कोण ऐकतो हें सांगण्यास वही. नवा मृदंग घेण्यापुरते किंवा कपडेपटापुरते पैसे जरी त्यांतून सुटले, तरी पुढच्या शिमग्याला वाडींतील पोरें मंडळांत उभीं राहण्यास तें एक कारण होईल.