अनुस्फुरक दिवा
अनुस्फुरक दिवा (प्रचलित नाव: ट्यूबलाइट) हा कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेत विद्युत विसर्जन घडवून प्रकाश देणारा दिवा आहे. साध्या बल्बप्रमाणे यात तार तापून उजळत नाही. नळीत अल्प पारा व आर्गॉन वायू असतो. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात. उत्तेजित झालेले अणू मूळ स्थितीत येताना मुख्यतः २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण सोडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या आतील पांढरा लेप हे किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. त्यामुळे प्रकाशाचा रंग प्रामुख्याने लेपावर ठरतो. कमी दाबाच्या सोडियम दिव्यात असा लेप लागत नाही, कारण सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश मुळातच दृश्य असतो.

विसर्जन सुरू होताच वायूचा रोध घटतो आणि प्रवाह अनिर्बंध वाढू पाहतो. त्याला चोक आवर घालतो. चालू करताना स्टार्टरमधून प्रवाह जाऊन दोन्ही टोकांचे तंतू तापतात. स्टार्टर उघडला की चोकमध्ये क्षणभर उच्च दाब निर्माण होऊन नळी पेटते. विजेचा दाब उतरलेला असल्यास हा प्रयत्न वारंवार फसतो व ट्यूब नुसती लुकलुकते. उशिरा समजणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाइट’ म्हणण्याची थट्टा या विलंबावरूनच आली आहे.

फुटलेल्या नळीतून पाऱ्याची विषारी वाफ बाहेर पडते. अशा वेळी झाडू न फिरवता खिडक्या उघडाव्यात आणि तुकडे जाड कागदाने उचलून बंद डब्यात ठेवावेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या अनुस्फुरक दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेर थांबवण्याचे ठरवले.