अठ्ठ्याऐंशी मंदिरांची वाट

जपानच्या चार प्रमुख बेटांपैकी सर्वांत लहान बेट म्हणजे शिकोकू. ह्या बेटावर अठ्ठ्याऐंशी बौद्ध मंदिरे क्रमांकाने ओळखली जातात. त्या सर्वांचे दर्शन घेत बेटाची प्रदक्षिणा पुरी करणे, ही तेथील जुनी यात्रा होय. वाट सुमारे १,२०० किलोमीटरांची आहे. पायी जाणाऱ्यास तीस सहा-सात आठवडे लागतात. सायकलीवरून जाणारे ती दोन-तीन आठवड्यांत पुरी करतात.

ही यात्रा कूकाई ह्या थोर भिक्षूंच्या नावाशी जोडलेली आहे. इ. स. ७७४ साली ते ह्याच बेटावर जन्मले. ८०४ साली ते चीनला गेले आणि परतल्यावर त्यांनी शिंगोन पंथाची स्थापना केली. यात्रेकरूच्या गवती टोपीवर 'दोघे बरोबर चालले आहेत' अशा अर्थाची अक्षरे असतात. त्यांतील दुसरे म्हणजे कूकाई! हातातली काठी हेही त्यांचेच रूप मानतात. पुलावरून जाताना मात्र ती टेकवीत नाहीत. एकदा कोठेच आसरा न मिळाल्यामुळे कूकाई पुलाखाली निजले होते, अशी आख्यायिका आहे. त्यांची झोपमोड होऊ नये, हा भाव.

सायकलस्वारास ती टोपी घालता येत नाही. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे. पांढरा अंगरखा मात्र बहुतेक जण घालतात, आणि बोगद्यांच्या अंधारात तो उपयोगीही पडतो. चढ कठीण आहेत. सहासष्टाव्या क्रमांकाचे उनपेन्जी हे मंदिर ९०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. सदतिसाव्या मंदिरापासून अडतिसावे तर ८० किलोमीटरांहूनही दूर, समुद्रात शिरलेल्या भूशिरावर आहे.

प्रत्येक मंदिरात सूत्रपठण झाल्यावर यात्रेकरूच्या वहीत तांबडे शिक्के उमटवून त्यांवर कुंचल्याने काळी अक्षरे लिहून देतात. हे काम सायंकाळी पाचला बंद होते. दहा जणांचा संघ असला, म्हणजे दहा वह्यांचा खोळंबा आलाच! त्यातच घाटात एखाद्याच्या चाकातील हवा गेली, तर इतरांनी काय करावे? पुढे गेले तर शिक्का मिळतो. थांबले तर तो दिवस बुडतो. ज्या टोपीवर 'दोघे बरोबर' असे लिहिलेले असते, ती पाठीस बांधून सोबत्यास मागे टाकणे मला तरी विसंगत वाटते. जाणते संघ एक अनुभवी स्वार सर्वांच्या शेवटी ठेवतात आणि दिवसाचा पल्ला सर्वांत मंद गड्याच्या बेताने आखतात.

वाटेवरील गावकरी यात्रेकरूंना फळे, चहा, कधी पैसेही देतात. हे दान नाकारणे योग्य समजत नाहीत. घेणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी उलट द्यावी, एवढाच रिवाज.

अठ्ठ्याऐंशीवे मंदिर झाल्यावर कित्येक जण समुद्र ओलांडून कोया पर्वतावर जातात. कूकाई तेथे अद्याप ध्यानस्थ बसले आहेत, अशी श्रद्धा आहे. म्हणून तेथील भिक्षू दररोज दोन वेळा त्यांच्यासाठी भोजन घेऊन जातात.