दख्खनची रेड वाइन: माती, छाटणी आणि चव

रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून येतो. शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षाचा पिकलेला मणी बोटांत दाबला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो; साल चोळली की बोट जांभळं होतं. म्हणून रेड वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. काळ्या जमिनीमुळे वाइन गडद होते, हा समज इथेच खोटा ठरतो.

मातीची चव वाइनमध्ये उतरते, असंही सांगितलं जातं. पण दख्खनच्या काळ्या पाषाणाची चव पेल्यात येत नाही. माती आपलं काम पाण्यावाटे करते. भारी जमीन ओल धरते, वेल पाल्यावर जाते, मणी फुगतात आणि रसाच्या मानाने साल कमी पडते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत मणी लहान राहतात. रंग आणि तुरटपणा दाट होतो.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की द्राक्ष थंड मुलखाचं पीक आहे आणि मराठवाड्यात ते अलीकडे आलं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १४ व्या शतकात मराठवाड्यातल्याच दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने नोंदवलं. ही नोंद फळांची आहे. वाइनचा पुरावा म्हणून ती ओढून ताणून वापरू नये. मात्र त्या 'दोनदा'मागे हवामान आहे. युरोपात हिवाळ्यात वेल पानं झाडून विश्रांती घेते. दख्खनला तेवढी थंडी नसते. छाटली की वेल पुन्हा फुटते. म्हणून महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास काडीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळासाठी गोडी छाटणी होते. पीक एकच घेतात, कारण पावसात घड टिकत नाहीत.

इथल्या रेड वाइनचं वेगळेपण या वेळापत्रकात आहे. फ्रान्सच्या बोर्दोत द्राक्ष पिकतं तेव्हा दिवस गार होत असतात. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढत असतं. साखर झपाट्याने भरते, आंबटपणा उतरतो आणि रात्री उबदार झाल्या तर सालीत रंगही कमी धरतो. तोडणी चार दिवस लांबली तरी वाइन बोजड होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला हिवाळ्यातल्या गार रात्रींचा आधार मिळतो. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे.

उरला प्रश्न बाजारातल्या द्राक्षांचा. त्यांतल्या हिरव्या थॉम्पसन सीडलेस जातीची रेड वाइन होत नाही. तिच्या सालीत तो रंगच नसतो.