सातशे रुपयांचा इको

रात्रीचे साडेदहा. फिरोदियाची तालीम. आमच्या एकांकिकेत सत्तरच्या दशकातला एक प्रसंग आहे. स्टेजवर कुणी बोलत नाही, फक्त गिटारचे सात-आठ सूर वाजतात. आमच्या गिटारिस्ट मित्राने ते वाजवले. सूर बरोबर, ताल बरोबर. तरी दिग्दर्शिका मान हलवत म्हणाली, "छान वाजवतोयस रे, पण हा आवाज आजचा आहे. मला बाबांच्या कॅसेटमधला हवाय."

झालं! त्या एका वाक्यापायी आम्ही तीन आठवडे टेपच्या मागे धावलो.

मित्राने आधी केलं ते आपण सगळेच करतो. मोबाइल काढला आणि शोधलं. त्याला हवा होता तो आवाज 'टेप इको'चा आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र होतं रोलँड कंपनीचं १९७४ सालचं 'स्पेस इको आरई-२०१'. जुन्या यंत्राची किंमत बघून त्याने मोबाइल उलटा ठेवला. मग त्या यंत्राची नक्कल करणारं आजचं पेडल बघितलं. शिकवण्या घेऊन त्याने अठरा हजार जमवले होते, पेडल त्याच्याही पुढे. "उरलेले उसने घेतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "एक आठवडा थांब. मला लेखही लिहायचाय. आधी हा आवाज होतो कसा ते तरी बघू."

पट्टीवर धावणारा प्रतिध्वनी

सिंहगडावर दरीकडे तोंड करून ओरडलं की आवाज जाऊन परत येतो, म्हणून उशिरा ऐकू येतो. टेप इकोमध्ये दरीचं काम चुंबकीय पट्टी करते. एक हेड गिटारचा आवाज पट्टीवर 'लिहितं'. थोडं पुढे बसवलेलं दुसरं हेड तो 'वाचतं'. पट्टीला पहिल्या हेडपासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा इको मागे पडतो.

गणित सातवीतलं आहे. दोन हेडमध्ये ५ सेंटिमीटर अंतर आहे आणि पट्टी सेकंदाला १९ सेंटिमीटर धावतेय, तर आवाज साधारण २६० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद उशिरा येतो. वेग दुप्पट केला की १३०. आणि वाचलेला आवाज पुन्हा लिहिणाऱ्या हेडकडे पाठवला की एकाचे दोन, दोनाचे चार इको होतात.

ही युक्ती आधी स्टुडिओत आली. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली गाणी मेम्फिसच्या सन स्टुडिओत झाली, तेव्हा तिथे टेप रेकॉर्डर वापरूनच तो प्रसिद्ध झटपट इको काढला जायचा. मग वादकाला सोबत नेता येतील अशी यंत्रं आली. १९५८ मध्ये लंडनचं 'वॉटकिन्स कॉपीकॅट', पुढच्या वर्षी अमेरिकेत 'एकोप्लेक्स'. आपल्या पाचगणीत शाळा शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या 'क्वीन' बँडमधला ब्रायन मे एकोप्लेक्स वापरून स्टेजवर स्वतःच्याच मागून आलेल्या सुरांवर सूर चढवायचा. एक माणूस, तीन गिटार!

असा आवाज हवा असणारे आपण काही पहिले नाही. १९४९ च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' आठवा. गाणं लांबून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लतादीदी माइकपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात माइकपर्यंत चालत आल्या. तेव्हा त्यांच्या हाताशी इकोचं बटण नव्हतं, फक्त खोली आणि पावलं होती.

गोडवा चुकांमध्ये

मग मोबाइलमधलं फुकटचं इको अॅप का चालत नाही? आम्ही ते लावून बघितलं. दिग्दर्शिका म्हणाली, "हा तर फोटोकॉपी मारल्यासारखा वाटतोय." आणि ती बरोबर होती.

साधा डिजिटल इको पहिल्या सुराची हुबेहूब प्रत काढतो. टेपला ते जमत नाही. प्रत्येक फेरीत आवाजातला कणकण, म्हणजे वरच्या कंपनांचा भाग, झिजतो. म्हणून चौथा इको पहिल्यापेक्षा नुसता हळू नसतो, मऊही असतो. तो दूर निघून गेल्यासारखा वाटतो आणि पुढच्या सुराला जागा देतो. दुसरं, पट्टीवर आवाज जोरात लिहिला की ती भरून जाते. सुराचं टोक तुटत नाही, गोल होतं. तिसरं, मोटर, चाकं आणि रबरी पट्टा कधीच अगदी एका वेगाने फिरत नाहीत. वेग किंचित डुलला की सूरही किंचित डुलतो.

म्हणजे ज्यांना इंजिनीअर दोष म्हणायचे, त्याच तीन गोष्टी आज लोक पैसे मोजून विकत घेतात. आणि दोष ओळखता आले, तर ते घरीही करता येतील की!

जुना बाजार ते तपकीर गल्ली

रविवारी सकाळी आम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. नळाच्या तोट्या, तुटके कॅमेरे, एक पाय नसलेली खुर्ची आणि त्यात एक कॅसेट डेक. सहाशे सांगितले, चारशेला दिला. "चालतो का?" विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "चालवलात तर चालेल." पुण्यात याहून प्रामाणिक वॉरंटी मिळायची नाही.

डेक घेऊन थेट बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि आमचा बेत ऐकून हसले.

"अरे, याला लिहायचं आणि वाचायचं हेड एकच आहे. लिहिता लिहिता मागचं वाचणार कसं? इकोला दोन वेगळी हेडं लागतात."

चारशे रुपये पाण्यात. मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण काकांनी डेक बाजूला सारला नाही. कडक झालेला रबरी पट्टा बदलला (चाळीस रुपये), कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसलं आणि म्हणाले, "इको नाही देणार हा. पण टेपचा आवाज कसा असतो ते तरी शिकवेल."

तसंच झालं. लॅपटॉपमध्ये गिटार रेकॉर्ड केली, तिचा नुसता इको वेगळा काढला, तो डेकवर काटा जरा लाल रेषेत जाईल एवढ्या जोरात कॅसेटवर भरला आणि परत लॅपटॉपमध्ये घेऊन मूळ गिटारच्या खाली जोडला. पहिल्याच प्रयत्नात अंगावर काटा आला. हाच तो, बाबांच्या कॅसेटमधला!

पण एकांकिकेत गिटार लाइव्ह वाजणार. तिथे कॅसेट भरून परत घ्यायला वेळ कुठला? मग ते रेकॉर्डिंग आमची फूटपट्टी झालं. आता असा आवाज देईल असं काहीतरी बनवायचं.

पुन्हा काका. या वेळी त्यांनी बोटभर लांबीची एक पट्टी काढली, 'पीटी२३९९' नावाची चिप बसवलेली. ही चिप मुळात कराओकेसारख्या यंत्रांसाठी बनलेली आहे. साधारण ३० ते ३४० मिलिसेकंदांचा इको देते, आणि वेळ वाढवत नेली की तिचा आवाज आपोआप खरखरीत होतो. इतर ठिकाणी हा दोष, आमच्यासाठी बोनस. पट्टी एकशे ऐंशीला, बटणं आणि सॉकेट ऐंशीला. इकोच्या परतीच्या वाटेवर काकांनी एक कपॅसिटर जोडून दिला, त्यामुळे प्रत्येक फेरीत कणकण कमी होते. सगळं बसवलं पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात. धातूच्या डब्यामुळे बाहेरची घरघर कमी येते.

झीज मिळाली, खरखर मिळाली. राहिलं ते डुलणं. त्यावर उपाय मित्राला सापडला. वाजवताना वेळेचं बटण किंचित फिरवलं की सूर वर-खाली होतो. अडचण एवढीच की त्याचे दोन्ही हात गिटारवर. म्हणून मी विंगेत जमिनीवर बसते आणि ते बटण केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवते. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण सध्या आमच्या बँडची मोटर मी आहे.

तुम्हालाही करून बघायचंय?

● वेळ काढा : ६०,००० ला तालाच्या गतीने भागा. गती १०० असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंद, अर्धा ३००.
● लॅपटॉपवर करत असाल तर इकोमधली ३-४ हजार हर्ट्झच्या वरची कंपनं कापा. मूळ गिटारला हात लावू नका.
● जुन्या रॉक-अँड-रोलसारखा इको हवा असेल तर ८० ते १४० मिलिसेकंद, आणि एकदाच.
● डुलणं जाणवलं पाहिजे, दिसता कामा नये. गिटार बेसुरी वाटली की समजा जास्त झालं.
● घरातली कॅसेट वापरण्याआधी पूर्ण ऐका. तीवर आजीचा आवाज असू शकतो.

खरं सांगायचं तर आमचा डबा स्पेस इको नाही. त्या यंत्रात वाचणारी तीन हेडं होती, आमच्याकडे एक चिप आणि माझं बोट. ज्याला रोज स्टेजवर वाजवायचंय त्याने चांगलं पेडल जरूर घ्यावं. पण आपल्याला नक्की काय ऐकायचंय हे कळल्यावर घ्यावं.

हिशोब मांडला तेव्हा डेक, पट्टा, चिप, बटणं धरून बरोबर सातशे रुपये झाले. मित्राचे अठरा हजार जवळपास तसेच आहेत. त्यातून त्याने फक्त तारांचा नवा सेट घेतला. परवाच्या तालमीत तो प्रसंग आला, सूर सुटले, माझं बोट फिरलं. दिग्दर्शिका डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "पुढचं घ्या."

दिग्दर्शकाने काहीच चूक काढली नाही म्हणजे काय, हे तालीम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे. तोवर माझं बोट थरथरू नये एवढीच इच्छा. म्हणजे थरथरावं, पण मापात.