रामकुंडावरची वही आणि तुमचे १०२४ पूर्वज

नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर कधी गेलात, तर तेथील क्षेत्रोपाध्ये प्रथम विचारतात, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" उत्तर मिळाले की त्या गावाची वही निघते. पूर्वी तुमच्या घराण्यातील कोणी येऊन गेले असेल, तर तीत त्याचे नाव, वडिलांचे व आजोबांचे नाव, भाऊ, मुलगे, तिथी आणि बहुधा सहीदेखील सापडते. त्र्यंबकेश्वरलाही अशा वह्या आहेत.

या वहीवरून आपले सगळे पूर्वज कळतील काय? थोडे गणित करून पाहू. आपले आईवडील २, आजी-आजोबा ४, त्यांचे आईवडील ८. दर पिढीला संख्या दुप्पट होते. दहाव्या पिढीत ती १०२४ होते, विसाव्या पिढीत १०,४८,५७६ आणि तिसाव्या पिढीत १०७ कोटींहून अधिक! एक पिढी सुमारे २५ ते ३० वर्षांची धरली, तर तिसावी पिढी ७५० ते ९०० वर्षांपूर्वीची. त्या काळी साऱ्या जगाची लोकसंख्या ४० कोटींच्या आसपास होती, असा अंदाज आहे. मग १०७ कोटी पूर्वज आले कोठून?

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे आहेच. अशा जोडप्याच्या मुलांची पणजी-पणजोबांची पिढी मोजा. वडिलांची आई आणि आईचे वडील ही सख्खी भावंडे; त्यांचे आईवडील एकच. म्हणजे जागा ८, माणसे मात्र ६. दूरच्या नात्यांतही हेच घडत राहते आणि वेगवेगळ्या घराण्यांचे धागे मागे जाता जाता एकमेकांत मिसळतात.

वही मात्र एकच धागा धरते: वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. दहाव्या पिढीतील १०२४ जागांपैकी तो एकाच जागी पोचतो. पुरुषांतील वाय गुणसूत्र याच वाटेने बापाकडून मुलाकडे जाते. आईकडून आईकडे मागे जाणारी वाटही पेशींतील तंतुकणिकांच्या डीएनएत उमटलेली असते. पण तिची वही कोणी ठेवली नाही.

आता वहीच्या खरेपणाविषयी. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही सलग लिहिलेले. सन शकाचा असतो. त्यात ७८ मिळवावेत, आणि तिथी जानेवारी ते फाल्गुनअखेर यांमधील असेल तर ७९. जीर्ण वही नव्याने उतरवताना चुका होतात, त्यातही एक चूक फसवी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. त्यामुळे रामचंद्र, गोविंद, पुन्हा रामचंद्र, पुन्हा गोविंद अशी ओळ लागते आणि उतरवणाऱ्याची नजर एका रामचंद्रावरून दुसऱ्यावर घसरली की दोन पिढ्या गळतात! म्हणून वर्षे ताडून पाहावीत. शके १७२० चा यात्रेकरू आणि शके १८७० चा यात्रेकरू आजोबा-नातू म्हणून लिहिले असतील, तर मधल्या १५० वर्षांत काही नावे नक्की हरवली आहेत.

दुसरा पुरावाही हवा. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद उपयोगी पडतात. काही घराण्यांची कुलमंडळे हे सारे जमवून कुलवृत्तान्त छापतात. एकाच ठिकाणी सगळा भरवसा ठेवला तर काय होते, ते आयर्लंडमध्ये दिसले. १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पाने नष्ट झाली. आज तेथील लोक चर्चच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या आणि जमीन-आकारणीच्या याद्या चाळून पूर्वज शोधतात. आपल्याकडे २०२३ साली जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकदम निकड भासली.

तुमची आजी हयात असेल, तर तिला तिच्या माहेरचे आडनाव, वडिलांचे नाव आणि गाव विचारून लिहून ठेवा. मग तिच्या आईचे माहेर विचारा. रामकुंडावर ती आडनावे सांगितलीत, तर निघतील त्या वह्या निराळ्याच असतील.